तिसरी काठी

मानक नगर, लखनौ
रविवार, १७ एप्रिल १९९४

चि. अभय यास ताईचा जय भीम.

वाईट बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील नाहीतर फाडून टाकशील. बाबांच्या गळाच्या तीन काठ्यांपैकी दोन मोडल्या. मी मोडल्या. तुझ्या भाऊजींनी नाही. हे असं पहिल्याच ओळीत लिहिते, कारण काठ्या मोडल्या म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर पहिलं कोण येईल ते मला चांगलं माहीत आहे.

तिसरी धड आहे. ती मी जाड चादरीत गुंडाळून पलंगाखाली भिंतीलगत ठेवली आहे. तिथे झाडूसुद्धा मीच मारते.

आता कसं झालं ते. गुरुवारी भीमजयंती होती. कॉलनीच्या मैदानातला मांडव दर वर्षी आलमबागचा टेंटवाला घालतो. या वर्षीही त्याला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. तेरा तारखेला संध्याकाळी त्याचा निरोप आला की खरमास संपला, लग्नाचे पहिले मुहूर्त आहेत, कनात देतो, खुर्च्या देतो, पण मांडवाचा वासा, म्हणजे बल्ली, एकही शिल्लक नाही. मांडवाचं पुरुषमंडळींनी कसंतरी भागवलं. फाटकावरच्या बॅनरचं काय करायचं हे मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं.

बॅनर म्हणजे तुझाच. शताब्दीच्या वर्षी तू आपल्या पुढच्या खोलीत जमिनीवर अंथरून दोन दिवस रंगवला होतास तो. फरशीवर अजून निळे डाग आहेत. एक्क्याण्णव आणि ब्याण्णव अशी दोन वर्षं मिरवणुकीत त्याचं एक टोक तुझ्या हातात आणि दुसरं यांच्या हातात होतं. गेल्या वर्षी मी तो ट्रंकेतून काढला, तेव्हा हे म्हणाले, "दुसरं टोक कोण धरणार?" मी परत घडी घालून ठेवला.

या वर्षी मात्र मला तो लावायचाच होता. बल्ल्या नाहीत, बांबू नाहीत, आणि कपाटावर तुझ्या काठ्या. खरं सांगायचं तर नुसत्या अडचणीपोटी नाही काढल्या. तू नाहीस तर निदान तुझ्या काठ्या तरी फाटकावर उभ्या असाव्यात असं मला वाटलं. दोन काठ्या, वरचा-खालचा भाग जोडाच्या पितळी नळीत नीट बसवून, उभ्या केल्या, बॅनर बांधला आणि फाटकाच्या दोन खांबांना सुतळीने आवळून टाकल्या. शेजारच्या हेमा भाभी उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाभीजी, ये डंडियाँ कुछ पतली नहीं हैं?" मी म्हटलं, "मछली का वजन उठाती हैं, कपड़ा क्या चीज़ है।" माझी जीभ तुला माहीतच आहे.

पाचच्या सुमाराला आँधी आली. आधी आभाळ पिवळं झालं, मग धूळ, मग वारा. कापडात वारा भरला आणि काठ्या अशा वाकल्या की लोक भाषण सोडून तिकडे बघायला लागले. मला तर क्षणभर अभिमानच वाटला. मग एक मोडली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी. आवाज फार मोठा झाला नाही.

हे स्टेजजवळ होते. धुळीतून आले, तुकडे उचलले, मोडल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नळीच्या तोंडाशी. दोन्ही तिथेच." बस, एवढंच. मी रागावण्याची वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. बॅनरला काही झालं नाही, धुऊन ठेवला आहे. घरी येऊन कणीक मळता मळता मी रडले, तेही सांगून टाकते.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबर ब्याण्णवमध्ये तू पायात चपला घालून दारात उभा होतास, तेव्हा म्हणालास, "काठ्या राहू दे इथंच, मी न्यायला येईन." रागाच्या भरात म्हणालास, पण म्हणालास. त्यानंतर मी तुला सात पत्रं लिहिली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. पवनीला तू रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलंस हे मला काकांच्या चंद्रहासच्या पत्रातून कळतं. तरी मी निर्धास्त होते. काठ्या इथे आहेत ना, मग येणारच तो. बाबांनी भरीव बांबू निवडून, निखाऱ्यावर शेकून सरळ केलेल्या, दर वर्षी जवसाचं तेल पाजलेल्या काठ्या तू सोडणार नाहीस हे मला ठाऊक होतं. दीड वर्ष मी त्या तीन काठ्यांच्या भरवशावर काढलं.

म्हणून सरळच विचारते. एका काठीसाठी येशील का?

रुचिरा आता सहावीत गेली. तिचा निरोप आहे, "मामा को लिख दो कि मेरी साइकिल आ गई।" लिहिला.

तुझी ताई
सुभद्रा

&nbsp;

मानक नगर
रविवार, २९ मे १९९४

चि. अभय,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो, त्याचा तेवढा सायकलवरून उतरायचा त्रास वाचला.

इथे उन्हाळा असा आहे की दुपारी नळाच्या पाण्याचा चहा करता येईल. पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुझे भाऊजी तुझ्या काठ्या दुरुस्त करताहेत.

मी सांगितलं नव्हतं. मागचं पत्र टाकलं त्याच्या पुढच्या रविवारी चहा घेऊन व्हरांड्यात गेले, तर हे चटईवर बसून तुकडे जुळवत होते. एक काठी उभी चिरली आहे, तिचं काही होणार नाही असं म्हणाले. दुसरीचं होईल. त्या दिवसापासून सहा रविवार झाले, हा माणूस बाजारात नाही, कुणाकडे नाही, पेपरसुद्धा नाही. मोडलेली दोन्ही टोकं हातभर तिरपी तासली, एकावर एक चपखल बसेपर्यंत काचेच्या तुकड्याने खरवडली, मग गोंद लावून वरून दोरा गुंडाळला. दोरा आलमबागच्या मोच्याकडून आणला, मेण लावलेला. पहिला गुंडाळलेला दोरा पसंत पडला नाही म्हणून सगळा सोडून पुन्हा गुंडाळला. मी म्हटलं, "एवढं काय त्यात?" तर म्हणाले, "मालक विचारेल." मालक म्हणजे तू. तुझं नाव काही तोंडातून निघत नाही, पण मालक म्हणून तू आमच्या घरात रोज आहेस.

तुला त्यांचं काम माहीत आहे. बावीस वर्षं इथल्या प्रयोगशाळेत रेल्वेच्या वस्तू ओढून, वाकवून, मोडून बघणं. स्प्रिंग, रुळाचा तुकडा, डब्यांची जोडणी, जे येईल ते यंत्रात घालायचं आणि कितीला मोडतं ते लिहायचं. लग्नाच्या वेळी बाबांनी विचारलं होतं, "जावई काय बनवतात?" आणि काकांनी सांगितलं होतं, "बनवत नाहीत, मोडतात." बाबा तेव्हा किती हसले होते. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी जोडताना बघते आहे.

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. मीही सात पत्रांत लिहिलं नाही. आज लिहिते. यांनी तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. स्वतःच्या बढतीसाठी जो माणूस कधी साहेबाच्या केबिनमध्ये गेला नाही, तो तुझ्यासाठी तीनदा गेला. सोमवारी अकराला मुलाखत होती. तू पहाटे काठ्या घेऊन गोमतीवर गेलास आणि दुपारी दोनला दीड किलोचा रोहू घेऊन आलास. तो मी केला, वाढला, आणि तू पहिला घास घेतलास तेव्हा हे म्हणाले, "काठ्या घे आणि जी नदी पोट भरते तिच्यावर जाऊन राहा. हे घर कामावर जाणाऱ्यांचं आहे." तू ताटावरून उठलास. हे असंच झालं ना? माझ्याकडून काही सुटलं असेल तर तू लिही.

भरल्या ताटावरच्या माणसाला असं बोलू नये. हे मी यांनाही कधी म्हटलं नाही. तुला म्हणते आहे, उशिरा का होईना.

जोडलेली काठी आता दोन-तीन आठवडे सुकणार. मग हे तिची चाचणी घेणार आहेत. मी म्हटलं, "चाचणी कशाला, काठीच तर आहे," तर माझ्याकडे असं बघितलं की मी पोळ्या करायला निघून गेले.

तुझी ताई

&nbsp;

मानक नगर
२६ जून १९९४

चि. अभय,

थोडक्यात लिहिते, रुचिराला ताप आहे. काळजीचं नाही, व्हायरल आहे म्हणतात.

काठ्यांचं विचारशील तर जोडलेली चांगली झाली. तिसरी होती तशी पलंगाखाली आहे. तू ये आणि घेऊन जा, असं म्हणायला हे पत्र.

चंद्रहास लिहितो की तुझ्या दुकानात आता रंगीत टीव्हीही दुरुस्तीला येतात. ऐकून बरं वाटलं. यांनाही वाचून दाखवलं. "अच्छा," म्हणाले. दोनदा म्हणाले.

तुझी ताई

&nbsp;

मानक नगर
रविवार, २ ऑक्टोबर १९९४

चि. अभय,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांत पहिलं. पोस्टमनने सायकलवरून उतरून हातात दिलं आणि म्हणाला, "लीजिए बहनजी, आ ही गया।" मी ते इतक्या वेळा वाचलं की चार ओळी पाठ झाल्या. "ताई, पत्रं मिळाली. २९ ऑक्टोबरला पोचतो. तिकीट काढलं आहे. जोडलेली आणि तिसरी, अशा दोन काठ्या घेईन आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत." भाऊजींना नमस्कार नाही, रुचिराला आशीर्वाद नाही, पण तारीख आहे. मला तारीख पुरे.

कार्ड येऊन नऊ दिवस झाले. हे नऊ दिवस मी काय करत होते ते सांगते. मी तुला खोटं लिहायचं की खरं, एवढं एकच ठरवत होते.

अभय, काठ्या नाहीत. एकही नाही. जूनचं पत्र खोटं होतं. ते लिहिलं त्याच्या आधीच्या रविवारी, एकोणीस तारखेला, उरलेलं सगळं मोडलं होतं.

हे तुला इथे आल्यावरही सांगता आलं असतं. तू आल्यावर चहा दिला असता, जेवायला वाढलं असतं आणि मग सांगितलं असतं. नऊ दिवस माझा तोच बेत होता. पण तुला फसवून घरात घेतलं तर तू पुन्हा ताटावरून उठशील आणि या वेळी तुझं बरोबर असेल. म्हणून आत्ता लिहिते.

झालं ते असं. जोडलेली काठी सुकली. हिची ताकद किती ते बघायला यांनी ती व्हरांड्यात भिंतीलगत आडवी लावली, जाड टोक खिडकीच्या गजांत घट्ट बांधलं आणि शेंड्यापासून हातभर अलीकडे रुचिराची छोटी बादली टांगली. मग लोट्याने एकेक लोटा पाणी बादलीत. प्रत्येक लोट्यानंतर काठी किती वाकली ते भिंतीवर पेन्सिलने आखायचं आणि वहीत लिहायचं. रुचिरा मोजायला बसली होती. तिसऱ्या लोट्याला जोड उकलला. फार काही झालं नाही, दोरा सैल पडला आणि काठी हळूच खाली आली. हे म्हणाले, जोड कच्चा राहिला, पुन्हा करू.

इथवर ठीक होतं. पण मग यांच्या डोक्यात आलं की धड काठी किती पेलते ते माहीत असल्याशिवाय जोडलेलीने किती पेलायला हवं ते कसं कळणार? त्यांच्या कामात असंच असतं म्हणे, तुलना करायला एक चांगला नमुना लागतोच. माझ्याकडे बघून म्हणाले, "तिसरी दे. पाच लोट्यांवर थांबतो. तुला शब्द देतो."

मी पलंगाखालून काढून दिली. माझ्या हाताने चादर सोडली.

पाच लोटे झाले. काठी काय सुंदर वाकली होती, अभय. बाबा गळ टाकून बसायचे तेव्हा असायची तशी. हे प्रत्येक लोट्याला भिंतीवर रेघ काढत होते, हळूहळू, काठीला हात न लावता. पाचव्यानंतर थांबायचं होतं. पण वाक इतका एकसारखा येत होता की हे खूश होऊन म्हणाले, "बाबांचा हात बघ," आणि सहावा ओतला. सहाव्याला काठी करकरली. सगळ्यांनी ऐकलं. रुचिराने लोटे मोजायचं सोडून वर बघितलं. यांनी रेघ काढली, वही घेतली आणि त्यात लिहिलं, '६, आवाज.' आणि सातवा लोटा भरला.

तू म्हणशील, वेडा आहे का हा माणूस? वेडा नाही. प्रयोगशाळेत नमुना करकरला म्हणून यंत्र थांबवत नाहीत. तिथे मोडेपर्यंत जायचं असतं, मोडलं की काम झालं. बावीस वर्षं हात तेच करत आला. तो हात घरात, बाबांच्या काठीवर आहे, हे त्या हाताला कळलंच नाही. पाणी ओतून होईपर्यंत यांनाही कळलं नाही.

मोडली तेव्हा बादलीतलं पाणी सगळीकडे झालं. हे ओल्या फरशीवर बसून राहिले, लोटा हातात तसाच. रुचिरा म्हणाली, "पापा, सात हो गए थे।" हे दोन दिवस जेवले नाहीत, दूध प्यायले फक्त. जोड सुटलेल्या काठीला तर पुन्हा हातच लावला नाही. मला म्हणाले, "अभयला खरं लिही." बघ, नाव घेतलं. आणि मी तुला लिहिलं की तिसरी होती तशी आहे.

का खोटं लिहिलं ते तुला कळलंच असेल. काठ्या गेल्या म्हणजे तुझं यायचं कारण गेलं. माझ्याकडे तुला बोलवायला दुसरं काहीच नव्हतं.

पण आणखी एक आहे, आणि ते लिहायला मला नऊ दिवसांतले आठ लागले. काठी करकरली तेव्हा मी तिथेच उभी होते. दारात, हात पुसत. "थांबा" एवढा एक शब्द होता. मला ऐकू आलं होतं, मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही. का नाही बोलले? यांचं काम, यांना माहीत, आपण काय बोलायचं. त्या रोहूच्या दिवशीही मी तिथेच उभी होते. हातात भाताचं पातेलं होतं. यांचा आवाज चढत होता ते मला ऐकू येत होतं, पुढे काय येणार ते कळत होतं, आणि मी बोलले नाही. दोन्ही वेळा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

आणि खरं ते सगळंच सांगते. त्या दिवशी मी नुसती घाबरून गप्प नव्हते. मला आतून थोडं बरं वाटलं होतं. दीड वर्ष तू आमच्या घरात होतास, कॉलनीतल्या बायका "भाई की नौकरी लगी?" विचारायच्या आणि मी हसून टाळायचे. मला जे तुला म्हणायचं होतं आणि बहीण म्हणून म्हणवत नव्हतं, ते हे म्हणाले. दोन वर्षं सगळा दोष यांच्या माथी राहिला आणि मी तो राहू दिला. यांनी एकदाही म्हटलं नाही की तूही तिथे होतीस.

तू त्या दिवशी नदीवर का गेलास हे मी तुला कधी विचारलं नाही. ना मी, ना यांनी. मुलाखत तर तुला माहीत होती, शर्टही मी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवला होता. आता विचारते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण मी विचारलं एवढं तुझ्याजवळ राहू दे.

परवा डिपार्टमेंटची पुताईवाली माणसं आली होती, दिवाळीच्या आधी सगळ्या क्वार्टरांना चुना लावतात. व्हरांड्याची ती भिंत मी लावू दिली नाही. त्यांचा मुकादम म्हणाला, "बहनजी, एक दीवार छोड़ दी तो साहब हमें डाँटेंगे।" मी म्हटलं, "डाँटने दीजिए, मेरा नाम बता दीजिएगा।" सगळं घर पांढरं झालंय आणि ती एक भिंत मळकी. तिच्यावर तिसऱ्या काठीच्या सहा रेघा आहेत, पहिली जवळजवळ सरळ आणि सहावी पार खाली वाकलेली. बाबांची काठी कशी वाकायची ते त्यात नीट दिसतं. सातवी रेघ काढायला काठी राहिली नाही. तुकडे मी टाकलेले नाहीत, तिन्हीचे त्याच चादरीत आहेत, पितळी नळ्या चिंचेने घासून ठेवल्या आहेत.

तर तुला न्यायला काही नाही. एक मळकी भिंत आहे, ती नेता येत नाही. रुचिरा आहे, ती आता तुला मराठीत उत्तर देत नाही पण तुझं सगळं समजतं. मी आहे. हे आहेत. चारबाग स्टेशनवर आम्ही तिघंही २९ तारखेला येणार आहोत, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. अभय, तिकीट रद्द करू नकोस.

हे पत्र लिहून मी यांना वाचायला दिलं. माझ्याबद्दलचं तर दोनदा वाचलं. आतल्या खोलीत जाऊन बसले आणि तासाभराने एक कागद आणून दिला. पत्र कधी लिहिलं नाही या माणसाने, मला लग्नाआधीसुद्धा नाही. जे येतं ते लिहिलं आहे, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मराठीत. सोबत जोडते.

तुझी ताई
सुभद्रा

&nbsp;

चाचणी अहवाल

चाचणीचा दिनांक: १९ जून १९९४. अहवाल लिहिण्यास विलंब झाला, त्याचे कारण परीक्षक.

नमुना: गळाची काठी, भरीव बांबू, जुनी, एक नग. मालक: श्री. अभय.

सहाव्या लोट्याला नमुन्याने आवाज करून सूचना दिली. परीक्षकाने सूचना नोंदवली, परंतु भार थांबवला नाही. सातव्या लोट्याला नमुना मोडला. मोडलेल्या जागेची तपासणी केली असता कीड, जुनी चीर अथवा बनावटीतील उणीव आढळली नाही. नमुन्यात दोष नव्हता. भार जास्त लावला गेला. चूक परीक्षकाची.

ऑक्टोबर १९९२ च्या प्रकरणातही हाच निष्कर्ष धरावा.

पुढील कार्यवाही: लखनौमध्ये भरीव बांबू चांगला मिळत नाही. मालकाने येताना तिकडून तीन नग आणावेत. शेकून सरळ कसे करतात ते मालकाने दाखवावे, परीक्षक शिकेल.

बांबू न मिळाल्यास तसेच यावे.

दादाराव